नळ, गिझर आणि घरमालक: बागबाजारच्या जुन्या घरात राहायला जाणाऱ्यांसाठी

बदलीवर कोलकात्यात आलेल्या मराठी कुटुंबांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. न्हाणीघरात दोन वेगळे नळ कशाला, आणि त्यातल्या एकाला गढूळ पाणी का? गिझर बसवायला आलेला माणूस भिंतीवर टिचकी मारून मान का हलवतो? नळ गळला तर खर्च कोणाचा, आपला की घरमालकाचा? दक्षिणेकडच्या नव्या इमारतींत घर घेतलेल्यांना हे प्रश्न फारसे पडत नाहीत. पण उत्तरेकडे भाडं त्या मानाने परवडतं, श्यामबाजारची मेट्रो जवळ असते आणि गंगेचा घाट चालत जाण्याइतका, म्हणून जे बागबाजारात घर घेतात त्यांना पहिल्या महिन्यातच मिस्त्री शोधावा लागतो. (मराठ्यांच्या धाकाने १७४२ साली खणायला घेतलेल्या खंदकाचं नाव इथल्या मराठा डिच लेनला अजून आहे. तुम्ही मराठी आहात हे कळल्यावर शेजारी त्यावरून चेष्टा करतीलच.)

मिस्त्रीला फोन करण्याआधी तीन गोष्टी माहीत करून घ्या: हे पाणी कोणतं, ते बंद कुठे होतं, आणि हा पाइप कोणाचा. जुन्या घरातला निम्मा खर्च दुरुस्तीचा नसतो, या तीन गोष्टी शोधत भिंत फोडण्याचा असतो.

आधी पाणी ओळखा

पुण्या-मुंबईत आपल्याला एकाच पाण्याची सवय असते. इथे एका घरात तीन तऱ्हेचं पाणी असू शकतं.

- महापालिकेचं शुद्ध पाणी. बराकपूरजवळच्या पलता इथे हुगळीचं पाणी शुद्ध करतात, ते टाला टाकीत चढवतात आणि तिथून ते उत्तर कोलकात्यात उतरतं. टाला टाकी बागबाजारपासून लांब नाही. १९०९ ते १९११ या काळात उभी राहिलेली ही पोलादी टाकी जमिनीपासून सुमारे ११० फूट उंचावर आहे, तिच्यात ९० लाख गॅलन म्हणजे चार कोटी लिटरवर पाणी मावतं, आणि आत चार कप्पे असल्याने एक कप्पा साफ करताना पुरवठा थांबवावा लागत नाही. पिण्याला, स्वयंपाकाला आणि गिझरला हेच पाणी.
- गंगेचं न गाळलेलं पाणी. हावडा पुलाजवळच्या मल्लिक घाटावरून हे वेगळ्या नळांनी येतं. रस्ते धुणं, शौचालयात ओतणं, अंगण धुणं यासाठी ते पूर्वापार दिलं जातं. ज्या घरांत ही जोडणी टिकून आहे तिथे ते विटांच्या हौदात, इथल्या भाषेत चौबाच्चात, साठवलेलं दिसेल.
- कूपनलिकेचं पाणी. काही इमारतींनी खोल बोअर मारलेली असते. त्यात क्षार आणि लोह जास्त असतं. फरशीवर तांबूस डाग आणि शॉवरच्या भोकांत पांढरी पुटं दिसली की ओळखा.

शंका असेल तर प्रत्येक नळाचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन रात्रभर ठेवा. तळाशी चिखलासारखा थर बसला तर ते न गाळलेलं पाणी. तांबूस कण बसले तर पाइपाचा गंज किंवा लोह. पाणी निवळ दिसलं म्हणून मात्र ते पिण्याचं आहे असं समजू नका. नळ कोणत्या पाइपावर आहे हे डोळ्यांनी पाहून घ्या.

दोन्ही पाइप शेजारून जात असतात, आणि शुद्ध पाण्याची धार बारीक झाली की एखादा मिस्त्री मदत म्हणून दोन्ही लायनी एकमेकींना जोडून देतो. बागबाजारच्या घरात होऊ शकणारी सगळ्यात वाईट दुरुस्ती हीच. मध्ये व्हॉल्व्ह असला तरी नको. असा जोड आढळला तर घरमालकाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि तो तोडेपर्यंत त्या नळाचं पाणी तोंडात घेऊ नका.

चाव्या शोधा, चिठ्ठ्या लावा

सामान लावून झालं की एक सकाळ यासाठी काढा. गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या मजल्यावर येणारा पाइप कोणता, त्याची चावी कुठे, स्वयंपाकघराची चावी वेगळी आहे का, गिझरच्या आत जाणाऱ्या पाण्याची कोणती, शौचालयाची कोणती. एकेक बंद करा आणि कोणता नळ थांबतो ते पाहा. प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. शाईने लिहिलेली चिठ्ठी ओलीने पुसली जाते, म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरा.

जुने पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेले असतात. त्यांना पान्याने जोर देऊ नका. आतली दांडी तुटली तर पाणी बंदही होत नाही आणि चालूही राहत नाही. थोडं तेल सोडा, पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे असं हलवा. तरी हलत नसेल तर घरमालकाला सांगून त्या जागी पाव वळशात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. या घरात एकच खर्च करायचा असेल तर तो हा करा.

धार बारीक झाली

सगळे इथे पंपाचं नाव काढतात. आधी दोष कुठे आहे ते पाहा.

- एकाच नळाची धार कमी: नळाच्या तोंडची जाळी उघडून पाहा. गंजाचे कण अडकलेले असतात. जाळी व्हिनेगरमध्ये भिजवा, जुन्या दातब्रशने घासा.
- फक्त गरम पाण्याची धार कमी: गिझरच्या तोंडचा व्हॉल्व्ह किंवा त्याला जोडलेला वेणीचा पाइप तुंबलेला आहे.
- सगळ्या घराची धार कमी, पण खालच्या मजल्यावर ठीक: गच्चीवरून येणाऱ्या पाइपात हवा अडकली आहे किंवा तो आतून गंजून अरुंद झाला आहे. जुन्या जीआय पाइपाचा अर्ध्या इंचाचा पोकळ भाग गंजाने पेन्सिल जाईल न जाईल इतका उरलेला असतो. तो साफ होत नाही, बदलावाच लागतो.
- सगळ्या वाड्यालाच पाणी कमी: रस्त्याखालच्या मुख्य नळाला घराचा पाइप जिथे जोडला आहे तिथलं फेरूल तुंबलं असेल. याला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही, खाजगी मिस्त्रीलाही नाही. घरमालकाने महापालिकेच्या बरो कार्यालयात अर्ज करून फेरूल साफ करून घ्यायचं असतं. बागबाजार बरो क्रमांक एकमध्ये येतं.

महापालिकेच्या लायनीला थेट पंप लावणं बेकायदा आहे. आणि ते शेजाऱ्यांपुरतंच वाईट नाही. पंप ओढायला लागला की पाइपात पोकळी तयार होते आणि जुन्या जोडांच्या फटींतून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. म्हणजे तुम्ही पैसे भरून विजेवर गटार प्यायची सोय करून घेता. पाणी आधी आपसूक जमिनीखालच्या टाकीत उतरू द्यायचं आणि पंप त्या टाकीवर लावायचा.

नळ गळतो: हे घरी जमतं

नळाखाली तासभर तांब्या धरा. तासाला लिटरभर गळत असेल तर दिवसाला २४ लिटर, वर्षाला साडेआठ हजारांवर. शिवाय पंपाची वीज.

जुना फिरकीचा पितळी नळ असेल तर तो फेकू नका. आतला अर्ध्या इंचाचा वॉशर श्यामबाजारच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

१. चावी बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा, मोरीच्या जाळीवर फडका टाका. बारीक स्क्रू नेमका तिथेच पडतो.
२. नळाला कापड गुंडाळून पान्याने वरचा भाग सोडवा.
३. जुना वॉशर काढून दुकानात सोबत न्या. अंदाजाने आणू नका.
४. वॉशर जिथे टेकतो ती आतली बैठक बोटाने चाचपा. ती खड्डे पडून खरखरीत झाली असेल तर नवा वॉशरही महिनाभरात गळेल. तेव्हा नळच बदला.
५. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती उकलत जाते.

पाव वळशात उघडणाऱ्या नव्या नळात वॉशर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचं काडतूस असतं. ते अख्खंच बदलावं लागतं, म्हणून नळ घेताना कंपनीचा सुटा भाग मिळतो का ते आधीच विचारा.

फ्लशची टाकी गळते की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. टाकीत थोडी नीळ घाला, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर टाकीच्या तळाची रबरी झडप बदला.

आणि एम-सील. पाइपावरून पाणी ठिबकतंय आणि मिस्त्री उद्या येणार आहे, एवढ्यापुरतंच ते. दाब असलेल्या लायनीवर त्याला कायमचा उपाय समजू नका. आतला गंज चालूच राहतो आणि पुढचा माणूस नेमका जोड कुठे आहे हे शोधत बसतो.

मोरी तुंबली

स्वयंपाकघर मासे खाणाऱ्यांचं असेल तर कारण बहुतेक एकच: माशांचे खवले आणि मोहरीचं तेल. (कोकणातून आलेल्यांनी खोबरेल धरावं. थंडीत ते पाइपात थिजतं.) खवले वर्तमानपत्रावर काढून कचऱ्यात टाका आणि सिंकला बारीक भोकांची जाळी लावा.

आधी रबरी पंपाने दाबून पाहा. मग सिंकखालचा वाकडा पाइप, खाली बादली ठेवून, हाताने सोडवून धुवा. न्हाणीघरातल्या ट्रॅपची वाटी उचलून आतले केस काढा. ती वाटी परत जागेवर ठेवायला विसरू नका. तिच्यात साठलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं.

ॲसिड ओतू नका. जुने बिडाचे पाइप आधीच पातळ झालेले असतात. आणि ॲसिडच्या आधी किंवा नंतर त्याच मोरीत ब्लीचिंग पावडर पडली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या मैल्याच्या पाइपाकडेही वर्षातून एकदा मान वर करून पाहा. जोडातून पिंपळाचं रोप डोकावतंय? उत्तर कोलकात्यात हे हमखास दिसतं. नुसतं छाटलं तर मुळं आत आणखी फोफावतात आणि जोड फाकवतात. रोप बोटभर असतानाच मुळासकट काढून जोड पुन्हा भरून घ्यायला घरमालकाला सांगा. हे काम परांची बांधून करायचं, म्हणून मालक टाळतो. रोप दोन पावसाळे तसंच राहिलं तर पाइपाबरोबर भिंतही दुरुस्त करावी लागते.

मैल्याच्या टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं, तुम्ही पैसे दिले आणि तो तयार झाला तरी, २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि काम देणाराही त्यात सापडतो. पंपाची गाडी बोलवा.

गिझर: घेण्याआधी भिंत बघा

कोलकात्याची थंडी दोन-अडीच महिन्यांची. पहाटेचा पारा जानेवारीत १४-१५ अंशांच्या आसपास उतरतो. चौघांच्या घराला १५ लिटरचा साठवणीचा गिझर पुरतो. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, २ किलोवॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की दोघांची अंघोळ होते. २५ लिटरचा घ्यायचा मोह जुन्या घरात आवरा. कारण भिंत.

इथल्या भिंती जाड असतात, पण विटांमधला माल चुना-सुरकीचा असतो. त्यात ड्रिल केलं की भुकटी पडते आणि खिळा बसत नाही. १५ लिटरचा भरलेला गिझर साधारण २५ किलोंचा. भोक सांध्यात नव्हे, विटेच्या मधोमध घ्यायला लावा, लांब अँकर बोल्ट वापरा, आणि वीटही भुसभुशीत निघाली तर भिंतीच्या आरपार बोल्ट किंवा खालून लोखंडी टेकू घ्या. गिझरखाली कोणी बसून अंघोळ करणार असेल तर यात काटकसर नको.

विजेचं काम आधी, पाण्याचं नंतर

२ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपियर वीज ओढतो. न्हाणीघराबाहेरच्या जुन्या छोट्या सॉकेटला ते झेपत नाही. प्लग काळा पडला, त्याला जळका वास आला, ही त्याची लक्षणं. गिझर लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून एवढं करून घ्या:

- मुख्य बोर्डापासून गिझरपर्यंत स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला वेगळा १६ अँपियरचा एमसीबी.
- १६ अँपियरचा तीन पिनांचा सॉकेट, शॉवरचं पाणी पोचणार नाही अशा जागी.
- अर्थिंग खरोखर आहे का याची तपासणी. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. किंवा ती पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली असते, आणि मग एका बिऱ्हाडाचा बिघाड दुसऱ्याच्या नळाला झटका देतो.
- ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. गळणारी वीज तो क्षणार्धात तोडतो. अर्थिंगबद्दल शंका असलेल्या घरात हा नसेल तर गिझर लावूच नका, पातेल्यात पाणी तापवा.

नळाला हात लावताना मुंग्या आल्या तर गिझर बंद करून गप्प बसू नका. मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना सांगा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत न्हाणीघर वापरू नका.

दुकानात बीआयएसची खूण आणि ऊर्जा बचतीचे तारे दोन्ही पाहून घ्या.

ठिबकणारा व्हॉल्व्ह बुजवू नका

"गिझर गळतोय" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि बऱ्याचदा तो गळत नसतो. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की वाटीभर वाढतं. आत येणाऱ्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हे जास्तीचं पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. तापत असताना थेंब पडणं ठीक. गिझर बंद असताना सतत धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पण त्याचं तोंड खुंटीने किंवा टोपणाने बंद करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर आतला दाब निघून जायला हीच एक वाट उरते. ते पाणी अंगावर पडू नये म्हणून व्हॉल्व्हला नळी जोडून ती मोरीत सोडा.

दरवर्षी थंडीच्या आधी करायच्या गोष्टी:

- पहिल्यांदा चालू करताना आधी गरम पाण्याचा नळ उघडा, सलग धार आली की मगच स्विच. रिकाम्या टाकीत कॉइल जळते, आणि पाण्याच्या वेळा ठरलेल्या घरात गच्चीवरची टाकी रिकामी असण्याचा प्रसंग नेहमीचा.
- सुरक्षा व्हॉल्व्हची दांडी एकदा उचलून पाणी येतं का पाहा. गिझर गार असताना.
- टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा तपासून घ्या. टाकी गंजण्याऐवजी तो झिजतो. बोअरचं पाणी असेल तर वर्षाने, महापालिकेचं असेल तर दोन वर्षांनी. तो संपला की फक्त गरम पाणी तांबूस येऊ लागतं. दोन्ही नळांना तांबूस येत असेल तर दोष गिझरचा नाही, लायनीचा.
- तळाचा गाळ काढून घ्या. तापताना आतून तडतड आवाज येत असेल तर कॉइलवर क्षार चढले आहेत.
- थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर. ६० अंशांचं पाणी मुलांची त्वचा काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

गॅस गिझर, आणि आजीचा बंब

वीज वाचते म्हणून कोणी गॅस गिझर सुचवेल. पुण्या-मुंबईकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर थंडीत वाचतो, तरी आपण तो तिथेच लावतो. ज्योत खोलीतला प्राणवायू वापरते, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि दार उघडण्याइतकं भान उरत नाही. गॅस गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असू द्या आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. बागबाजारच्या घरांना मधलं अंगण किंवा मागचा व्हरांडा असतो, त्याचा हा फायदा घ्या. तशी जागा नसेल तर गॅस गिझर नकोच.

तांब्याचा बंब कोणी हौसेने गावाहून आणला असेल तर त्यालाही हाच नियम. आपल्याकडे तो परसात किंवा पडवीत पेटवत, ते उगाच नव्हे.

पावसाळ्यात

उत्तर कोलकात्याची जुनी गटारं विटांची, आणि पावसाचं पाणी व मैला एकाच वाटेने नेणारी. हुगळीला भरती असताना नदीकडची दारं लावून घ्यावी लागतात. नेमका तेव्हा मोठा पाऊस आला तर पाणी तुंबतं आणि तळमजल्याच्या मोरीतून उलटं वर येतं. तळमजला घेत असाल तर बाहेर पडणाऱ्या पाइपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, हे करार करण्याआधी विचारा. नसेल तर तो घरमालकाकडून बसवून घेण्याची अट घाला.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीवर असेल तर गल्लीत तुंबलेलं पाणी आत गेलंच असं समजा. टाकी पूर्ण उपसा, घासून धुवा, मग स्वच्छ पाण्याने भरा. दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर वेगळ्या बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. हे पाणी पाइपांतही खेळवा, रात्रभर ठेवा आणि सगळं सोडून द्या. हे टाकी निर्जंतुक करण्याचं प्रमाण आहे, पिण्याच्या पाण्याचं नाही. टाकी साफ करायला आत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि बाहेर एक माणूस असू द्या.

मिस्त्री

इथे त्याला कॉलेर मिस्त्री म्हणतात. पुष्कळजण ओडिशातल्या केंद्रापाडा भागातले असतात. त्या जिल्ह्याने देशभराला प्लंबर पुरवले आहेत, पुण्या-मुंबईतही ते तुम्हाला भेटलेच असतील. जूनच्या मध्यात रज सणाला आणि पुन्हा दुर्गापूजेला ते गावी जातात. गिझरचं काम पूजेच्या आधी उरकून घ्या. कालीपूजा झाली की सगळ्यांनाच गिझर आठवतो.

- काम आणि सामान यांचे दर वेगळे लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरही चालेल.
- सामान शक्यतो स्वतः आणा. गरम पाण्याच्या लायनीला पांढरा यूपीव्हीसी पाइप चालत नाही, फिक्या पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी लागतो.
- भिंत फोडून पाइप आत लपवायचा आग्रह धरला तर नाही म्हणा. जुन्या घरात पाइप भिंतीवरूनच जावा. दिसायला बरा नाही, पण गळला तर त्याच दिवशी कळतं.
- बदललेला जुना भाग परत मागा.
- महापालिकेच्या लायनीशी किंवा गटाराशी जोडणी असेल तर परवानाधारक प्लंबरच लागतो, आणि तो घरमालकाने आणायचा.

खर्च कोणाचा?

कराराआधी हे ठरलं नसेल तर प्रत्येक गळक्या नळावर वाद होतो. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा काढला. त्याच्या परिशिष्टात यादीच आहे: पाइप बदलणं, वायरिंग, इमारतीची डागडुजी घरमालकाकडे, नळ व वॉशर, मोरी साफ करणं, सिंक व शौचालयाच्या किरकोळ दुरुस्त्या, गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. हा मसुदा आपोआप राज्याचा कायदा होत नाही. पण ती यादी उचलून तुमच्या करारात जोडायला कोणाची हरकत नसते, आणि घरमालकालाही ती न्याय्य वाटते.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा एक गैरसमज इथे महागात पडतो. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत, वळता करण्याची सोय आहे. कोलकात्यात तो कायदा नाही. इथे पश्चिम बंगालचा १९९७ चा कायदा चालतो. घर राहण्याजोगं ठेवणं हे त्यातही मालकाचं कर्तव्य आहे, आणि पाणी-वीज तोडून भाडेकरूला छळता येत नाही, तसं झालं तर रेंट कंट्रोलरकडे दाद मागता येते. पण ठरावीक रकमेहून जास्त भाडं असलेली घरं या कायद्याच्या बाहेर राहतात. बदलीवर आलेल्यांचं घर बहुधा त्यातच मोडतं, आणि मग करारातल्या अटी हाच आधार. म्हणून भाड्यातून परस्पर पैसे कापू नका. आधी फोटोसह लेखी कळवा, मुदत द्या, खर्चाला लेखी होकार घ्या, मग वळते करा.

कंपनीच्या सेवा केंद्राने पैसे घेऊन काम नीट केलं नाही, हमीच्या मुदतीत टाळाटाळ केली, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. गिझर पुण्यात घेतला असला तरी तुम्ही आता राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पावती आणि हमीपत्र सामानाबरोबर ट्रकमध्ये नको, पिशवीत ठेवा.

पुन्हा बदली झाली तर

गिझर तुमचा असेल तर करारात तसं लिहिलेलं असावं. नसेल तर निघण्याच्या महिनाभर आधी घरमालकाकडून लिहून घ्या, नाहीतर तो घराचाच भाग समजला जातो. काढताना वीज आणि आत येणारी चावी बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करा. आत राहिलेलं पाणी प्रवासात बाकीच्या सामानावर सांडतं. भिंतीतल्या दोन्ही तोंडांना आट्यांची टोपणं लावा, चावी उघडून थेंब पडत नाही याची खात्री करा आणि त्याचा फोटो काढा. अनामत परत घेताना हा फोटो, पहिल्या दिवशी काढलेले मोऱ्या-नळांचे फोटो आणि वळत्या केलेल्या खर्चाच्या पावत्या एकत्र समोर ठेवा. चाव्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या मात्र तशाच राहू द्या.